नकाशावर नसलेली वाट

प्रिय व्हर्ल,

जुनिपरच्या झाडांमधली आपली वाट सरकारने बंद केली. तोंडाशी खांब रोवलाय: मोटरसायकलला मनाई, पायी जायला हरकत नाही.

ती सभा तुला आठवत असेल. सरकारी जमीन खात्याची ती मुलगी विनवत होती, "तुम्ही कुठून गाड्या नेता ते नकाशावर काढून द्या हो. नकाशावर नसेल ती वाट बंद होणार." आपल्या मोटरसायकल क्लबातलं कुणी जागचं हललं नाही. चांगली वाट परक्याला सांगायची नाही, ही आपली रीतच. तू एकटा पेन्सिल घेऊन उठलास, तर क्लबातला ग्रँट ओरडला, "अरे व्हर्ल, घराची किल्लीही देऊन टाक तिला!" सगळे हसले. मीही हसलो. तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि त्याच उन्हाळ्यात आयडाहोला निघून गेलास.

काल मी खांबापलीकडे पायी गेलो. गुडघ्यांनी कोरड्या ओढ्यापर्यंतच साथ दिली. वरच्या लाल कड्यावर, जिथे गाड्या टेकवून आपण सँडविच खायचो, तिथे मला आता फक्त गाडीच पोचवू शकली असती. ओढ्यातच बसून शाळेतली नदीची कविता म्हणू लागलो आणि दुसऱ्या कडव्यावर अडलो. तिथे नेहमी तूच पुढची ओळ सांगायचास.

चाकांच्या जुन्या खुणांवर झुडपं उगवलीत. परकं कुणी येऊ नये म्हणून आपण गप्प बसलो होतो ना? आता कुणीच येत नाही.

पुन्हा पेन्सिल घेऊन येशील का, हे विचारायला मला तोंड नाही. म्हणून हे पत्र कोटाच्या खिशातच राहील.

तुझा थोरला भाऊ,
ऑरिन