नळाचं फडकं

मम्मीजी,

तुम्हाला जय जिनेंद्र म्हणायला जीभ वळत नाही. गरोदरपणाच्या रक्ततपासणीत मला सिफिलिस निघाला, तर तुम्ही माझं ताट वेगळं केलंत आणि मला माहेरी धानोऱ्याला धाडलंत. रोग तुमच्या अंकितनेच दिलाय. त्याने माझ्याजवळ कबूल केलंय.

पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून तुम्ही नळाला फडकं बांधता. माझ्या पोटातला जीव नाही का? मी इंजेक्शनं घेतली. त्याने घेतली नाहीत, तर रोग पुन्हा मला लागेल, बाळापर्यंत जाईल. तरी तुम्ही त्याला दवाखान्यात जाऊ देत नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. सातव्या महिन्यात समाजाच्या बायका घेऊन खोळ्याला माझी ओटी भरायला याल, तेव्हा सगळ्यांसमोर वाचेन. आधी अंकितला इंजेक्शन, मगच तुमच्या नारळासाठी पदर पुढे करेन.

तुमच्या नातवंडाची आई,
फाल्गुनी