बारा आणि तेरा

६ जानेवारी २०२५
सात महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, माफी असावी. नोकरी गेली होती. रोज तेच लिहायची लाज वाटायची. आजपासून भांडुपच्या औद्योगिक वसाहतीत नवी नोकरी, बोटाला लावायचे नाडीचे चिमटे बनवणाऱ्या छोट्या कंपनीत. माझ्याआधी हे काम सहदेव सावंत पाहायचे. ते आजारी रजेवर दहिसरला घरी आहेत. त्यांची रचना सुबक आहे. चिमटा यूएसबीला जोडला की फोल्डरमध्ये पुढच्या नंबरची फाईल उगवते. ती वाचली की नाडी मिळते, तिच्यात हुकूम लिहिला की यंत्र ऐकतं. कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात, हात घालायला नको, साधा प्रोग्रॅम पुरतो. हुकूम दोनच : ‘धर’ आणि ‘येतो’. ‘येतो’ लिहिलं की यंत्र सुटतं, फाईल जाते.

स्वतःच्या बोटावर करून पाहिलं. बहात्तर. खुशीत वायर उपटली, तर सोल्डरिंग करणारी जया ओरडलीच, “अहो ताई, आधी ‘येतो’ तरी लिहा! न सांगता काय उठताय पंगतीतून?” दोघी हसलो. माझी तेरा नंबरची फाईल मात्र तशीच राहिली.

७ जानेवारी
फोल्डरमध्ये बारा नंबरही आहे. त्या जागी काही जोडलेलं नाही, तरी आकडे येतात. अठ्ठावन्न, साठ, सत्तावन्न. जया म्हणाली, ती सहदेवभाऊंची. शेवटच्या दिवशी छातीत कळ आली, तेव्हा चिमटा तसाच ओढून काढला आणि रिक्षात घातलं त्यांना. शिळे आकडे, असं मी ठरवलं. मला पसारा खपत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी बारामध्ये ‘येतो’ लिहिलं. फाईल गेली. मग चहा घेतला.

८ जानेवारी
सहदेव काल गेले. जया सकाळी त्यांच्या घरी जाऊन आली. त्यांची बायको चंपा सांगत होती, तब्येत सुधारायला लागली होती. चहा पीत होते. कप खाली ठेवला, “येतो” म्हणाले आणि मान टाकली. वेळ विचारू नये, हे कळत होतं. विचारली. चारनंतर, सव्वाचारच्या आत.

योगायोग, असं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. आकडे शिळे असते तर बदलले का असते? हे मी कालच का विचारलं नाही?

९ जानेवारी
तेरा चालू आहे. मनगट धरून मोजलं, ठोक्याला ठोका जुळतो. जिना दोनदा चढून आले. एकशे अठरा. तिथेही एकशे अठरा.

चिमटा पुन्हा जोडला. चौदा नंबर मिळाला. तेरा तशीच —

जयाला सांगितलं. ती हसली नाही.

दुपारी जिन्यापाशी नोटीस. उद्या अकरापासून दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. संगणक बंद पडला की सगळ्या फाईली — मालक नंदकुमार यांना विनवलं. म्हणाले, बॅटरी वीस मिनिटं टिकते, आणि मिळतेय सुट्टी तर घ्या की मॅडम.

एकशे चोवीस. एकशे तीस. लिहिताना एक डोळा तिथेच —

आत्ता जया निघाली. सवयीने दारातून म्हणाली, “येते हां ताई,” आणि आकडा — क्षणभर शून्य — मी खुर्चीला धरून —

उद्या : अकराच्या आत दुसरी बॅटरी आणणे.