जिन्यावरून पडली की सुटली

४ जुलै २००५, सोमवार. शिरूर

खाली घरमालकीण कमलमावशींकडे रोज बघतात ती कॉलेजवाली मालिका. गेल्या आठवड्यात काय झालं, क्रमाने:
१. प्रिया वर्गात चक्कर येऊन पडली.
२. डॉक्टरनं मनगट धरलं आणि सांगितलं, दिवस गेलेत. लघवीची तपासणी नाही. पाळीची तारीखही विचारली नाही.
३. आईनं थोबाडीत मारली. एकच थोबाडीत, तीन बाजूंनी दाखवली. वीज कडाडली.
४. दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, "बाळाच्या बापाची नाहीतर घरच्यांची सही आणा."
५. प्रिया रडत पळाली, जिन्यावरून पडली. कपाळाला पट्टी, पोट मोकळं. सगळ्यांनी माफ केलं.
६. खाली बसलेल्या बाया म्हणाल्या, "सुटली बाई."
७. माझ्या खोलीत राहणारी रेखा उठून वर गेली.

लॅबमध्ये मी दिवसभर याच तपासण्या करते. मनगटावरून कुणाचे दिवस कळलेले अजून पाहिले नाहीत. किळस.

५ जुलै, मंगळवार

रेखाचा घोटा सुजलाय. जिन्यात पडले म्हणाली. वर्षभर एका खोलीत राहतोय, सणसवाडीला पॅकिंगच्या कामाला जाताना ती रोज तोच जिना उतरते. कधी घसरली नाही.
कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणला, पट्टी बांधली.
मावशी खालून, "जिना मी रोज झाडती. पडली कशी गं ही?"
रेखा हसली. ते हसणं बरं नव्हतं.

६ जुलै, बुधवार

पडली नव्हती. उडी मारली होती. पहिल्या उडीनं काही झालं नाही म्हणून दुसरी, आणखी वरून.
"टीव्हीत तर लगीच..." एवढंच बोलली. मला कळायला वेळ लागला.
तपासणीची पट्टी लॅबमधून आणली नाही, बाजारपेठेतल्या मेडिकलमधून विकत घेतली. दोन रेघा. ती बघत नव्हती, मी सांगितलं.
मुलगा कंपनीत तिच्याच पॅकिंग लाईनवर होता, बिहारचा. गावी गेलाय.
"आऊंगा म्हनला."
"कधी?"
"त्ये न्हाई म्हनला."
दवाखान्यात का नाही गेलीस, विचारलं. चिडली. "सही कुणाची आणू? त्याची? का पाटसला घरी जाऊन आबांची?"
सही! कुणीतरी बसल्या जागी लिहिलेलं एक वाक्य, आणि त्यासाठी ही जिन्यावरून उड्या मारतेय. 
सांगितलं: तुला वीस पूर्ण आहेत. सही फक्त तुझी. घरी कळवत नाहीत, नाव गुप्त ठेवतात. उडीनं पोट मोकळं होत नाही, हाड मोडतं. जितकं लवकर तितकं सोपं.
"तुला कसं म्हाईत?"
"शिकलेय."
"टीव्हीवाले काय अडाणी हायेत व्हय?"


८ जुलै, शुक्रवार

मालिका चालू असतानाच लाईट गेली. भारनियमन. बाया अंधारात तशाच बसून राहिल्या. विषय प्रियाचाच. मावशी, "माझ्या खोलीत आसली पोरगी निघाली तर ट्रंक रस्त्याव टाकीन." रेखा माझ्या शेजारीच होती. 
मग थोड्या वेळानं मावशीच, वेगळ्या आवाजात: "मला न्हेलंवतं दवाखान्यात. दोन पोरींनंतर. सासू घिऊन गेली, सही मालकांची. तुला पायजे का नको, कुणी इचारलं सुदिक न्हाई."
कोपऱ्यातून कुणीतरी, "मला बी." आणखी एक, "माझं दोनदा."
लाईट आली. मावशी, "लावा गं, संपली का?"
लॅबमध्ये येतात त्या बहुतेक अशाच. गळ्यात मंगळसूत्र, कडेवर एक पोर, सासू बाहेर बाकड्यावर. मालिकेत यांच्यातली एकही नाही. तिथं फक्त कुमारिका, वीज आणि जिना. आणि ज्यांना खरं काय ते माहीत आहे, त्या पदर तोंडाला लावून प्रियासाठी रडतात. त्यांचाही राग आला. मग माझाच, मीही रोज बघायला बसते.

१० जुलै, रविवार

मामांकडे जाते सांगून एसटीनं दौंडला गेले. सरकारमान्य असा बोर्ड असलेला दवाखाना, डॉक्टरीणबाई. गोळ्यांनी होईल की कसं, ते सोनोग्राफीनंतर ठरेल. सही फक्त तिची. म्हणाल्या, "तिला घेऊन या. तुमच्याकडून ऐकून काही करणार नाही, मला तिच्या तोंडून ऐकायचंय." आवाज चढला नाही. वीज कडाडली नाही.
रेखाला सांगितलं तर, "दौंडला? आख्खं पाटस आसतं तिथं! आमची चुलती मिरच्या घ्यायला बी दौंडला जाती."
"दवाखान्यात मिरच्या मिळत नाहीत."
हसली. बऱ्याच दिवसांनी. मग रडायला लागली.
नंतर म्हणाली, "प्रियानं कवा ठरवलंच न्हाई बघ. पडली, आन् झालं. मला बी तसंच पायजे व्हतं. ठरवायलाच नको."
सगळ्या मालिकेवर एवढं नेमकं कुणी बोललं नसेल. आणि मी तिला हाडाचं शिकवत होते.

१२ जुलै, मंगळवार

घोट्याची सूज उतरली. कामावर गेली. मुलाचा फोन नाही. तिनं कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून लावला, कुणीतरी उचलला आणि ठेवला.
दोन दिवस ती म्हणतेय, "तूच सांग काय करू. तू म्हनशील तसं." सोपं आहे. मी सांगेन, ती ऐकेल. तिला घेऊन जाणारी मीच होईन. मावशींनाही कुणीतरी घेऊनच गेलं होतं. नको.
सोमवारची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, घरगुती म्हटलं.
जेवताना तिला सांगितलं. सोमवारी मी मोकळी आहे. दौंडला यायचं असेल तर बरोबर येते. दौंड नको असेल तर पुण्याला. ठेवायचं असेल तरी सांग, मग खोलीचं आणि तुझ्या आबांचं बघू. मी ठरवणार नाही.
"आन् मला न्हाईच ठरवता आलं तर?"
"तसं सांग."
ती भाकरी मोडत बसली, खाल्ली नाही. मी हळू म्हटलं, खाली ऐकू जाऊ नये म्हणून:
रेखा, शनिवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर दे.