कानाजवळची बट

मंगळवार, ४ मार्च
ब्रश अर्धवट धुवून तसाच टाकला, कारण चित्रदालनवाल्याचा फोन. माझं गायिकेचं चित्र एका कंपनीला कॅलेंडरवर छापायचंय. "चित्र सर्वस्वी तुझंच आहे, एवढं लिहिलेल्या कागदावर सही कर. बाकी मी बघतो."
बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं चित्र मागितलं. आनंद व्हायला हवा होता. झोप आली.

गुरुवार, ६ मार्च
दालनात एक वयस्कर गृहस्थ गायिकेसमोरून हलेनात. शेवटी मला म्हणाले, "पोरी, ही कानाजवळची बट कुठून आणलीस?"
"फोटोत आहे. जुन्या मासिकातल्या."
"बाईंचे केस चापूनचोपून बसवलेले असायचे. ही बट नाही. निगेटिव्ह धुताना माझं नख लागलं होतं."
फोटो त्यांचा! आणि मी त्यांचा ओरखडा केस समजून मन लावून रंगवला. सगळ्यांनी त्या बटेचंच कौतुक केलं होतं.
रागावले नाहीत. "खाली माझंही नाव घाल, म्हणजे झालं."

शुक्रवार, ७ मार्च
दालनवाला : "त्यांचं नाव घातलंस की कंपनी हक्काचं विचारणार. कॅलेंडर गेलंच समज. बट पुसून टाक, मग ते पुरावा काय दाखवणार?"
नवरा : "पुस की. एका केसासाठी कसली अडून बसलीस?"
मी हसले. हसण्याचाही कंटाळा आला.

शनिवार, ८ मार्च
चित्र घरी आणलं, बटेवर गालाचा रंग चढवला. सफाईदार झालं. कागदावर सही करून ठेवली. सोमवारी गाडी येईल, चित्र आणि कागद दोन्ही नेईल.

रविवार, ९ मार्च
नवऱ्याने चहा पिताना चित्राकडे पाहिलं.
"ही कोण?"
थट्टा करत नव्हता. मीही पाहिलं. ओळखपत्रावरची कोणीतरी बाई. फोटो तोच, नाक तेच, डोळे तेच. गाणारी तेवढी गेली होती.
दिवसभर ब्रशला हात लावला नाही.

सोमवार, १० मार्च
सकाळी उठून बट परत रंगवली. खाली फोटोग्राफरचं नाव घातलं, त्याखाली माझं. कागद फाडला. दालनाची गाडी आली, रिकामी गेली.
ब्रश धुतले. सगळे.