सुवार्ताची प्रार्थना चालू आहे

७ जानेवारी २०२४, रविवार

नवीन वर्ष, नवीन वही. ही कुणी वाचायची नाही, म्हणून खरं लिहितो. या वर्षी लग्न. मुलगी ठरली आहे. तिला सांगायचं तेवढं बाकी आहे.

नाव सुवार्ता आवळे. सांगलीला स्टाफ नर्स. वडील रिटायर्ड शिक्षक, तिथल्या चर्चच्या मंडळीत पंच. नाताळानंतरच्या तरुण शिबिरात ओळख झाली. जेवणाआधीची प्रार्थना माझ्याकडे होती. आजारी, प्रवासी, विद्यार्थी, सरकार, मी सगळ्यांसाठी मागितलं. डोळे उघडले तर भात गार. पण वाढताना ती म्हणाली, ब्रदर, तुम्ही किती मनापासून प्रार्थना करता. बाकीच्यांना नुसतं "भाजी?" विचारत होती.

संकल्प: वजन कमी करणे. कमी बोलणे. चर्चमध्ये कीबोर्डची प्रॅक्टिस करूनच वाजवणे.

१४ जानेवारी, रविवार

पहाटेच्या एसटीने सांगली. त्यांच्या उपासनेला दुसऱ्या बाकावर बसलो. पाळकांनी पाहुणा म्हणून उभं केलं. साताऱ्याच्या मंडळीचा सलाम सांगून बसायचं असतं. मी थोडं जास्त बोललो. लोक घड्याळ बघत होते, पण सुवार्ता खाली मान घालून ऐकत होती.

चहाच्या टेबलापाशी सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या मनात तुमच्याविषयी आहे, घरच्यांना घेऊन येऊ का? तिने हातातलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. मग म्हणाली, मी प्रार्थना करून सांगते.

नाही म्हणाली नाही. हे महत्त्वाचं.

१५ जानेवारी, सोमवार

सर्व्हिस सेंटरमध्ये धैर्यशीलला सांगितलं. तो आमचा हेड मेकॅनिक, मी सर्व्हिस ॲडव्हायजर. तो गाडीखालूनच म्हणाला, न्हाई म्हनायला तुमच्यात येवढं लांबण लावत्यात व्हय रं?

त्याला आमच्यातलं कळत नाही. बाकीच्यांच्या मुली घरी विचारून सांगतात, आमच्या थेट वर विचारतात. म्हणजे फाइल सगळ्यात वरच्या टेबलावर गेली आहे. आता मी गिऱ्हाईकाला "पार्ट येतोय" म्हणतो तेव्हा पार्ट मागवलेलाच नसतो, ती गोष्ट वेगळी.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

ती प्रार्थना करते आहे, तर आपणही जोर लावावा. दर शुक्रवारी उपवास सुरू. सकाळी चहासुद्धा नाही.

दुपारी एका गिऱ्हाईकाने बंपरवरून वाद घातला. रिकाम्या पोटी राग येतो आणि रागावर ताबा हवा, म्हणून मिसळ खाल्ली. जादा पाव घेतला नाही.

सुवार्ताला मेसेज केला, प्रार्थना चालू आहे ना? रात्री अंगठा आला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

यंदा व्हॅलेंटाइन आणि लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, पहिला दिवस एकाच तारखेला. सकाळी तिला गुलाब पाठवला, फोनवरचा. मग आठवलं की आज पश्चात्तापाचा दिवस. घाईघाईने डिलीट केला. तोपर्यंत तिने बघितला होता. उत्तर आलं, आमेन.

आमेन म्हणजे तसंच होवो. पण कशाला म्हणाली, गुलाबाला की डिलीटला?

एक मात्र बरं झालं. लेंटचे चाळीस दिवस आमच्यात मागणी, साखरपुडा, लग्न काही करत नाहीत. म्हणजे तिला हो म्हणायचं असलं तरी म्हणता येणार नाही. आता ईस्टरपर्यंत काळजी नाही. कितीतरी दिवसांनी शांत झोप लागेल असं वाटतं.

३ मार्च, रविवार

पुन्हा सांगली. सुवार्ता ड्यूटीवर होती. पण मोठी गोष्ट घडली. आवळे सरांनी उपासनेनंतर मला बाजूला घेतलं, घरी नेलं, पोहे दिले आणि हळूच विचारलं, तुमच्या मंडळीत जयराज साळवे म्हणून मुलगा आहे, तो कसा आहे हो?

मी लगेच ओळखलं. ही माझी परीक्षा. माणूस दुसऱ्याबद्दल कसा बोलतो यावर त्याचं मन कळतं. शिक्षकाचा मेंदू, सरळ प्रश्न विचारणार नाही.

जयराज आमच्या बाकावरचाच. फलटणच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे, रविवारी घरी येतो. मी हातचं राखलं नाही. मुलगा निर्व्यसनी, खोटं बोलता येत नाही त्याला. कधी कुणाशी वाद नाही. वडील गेल्यापासून घर त्यानेच सांभाळलं. उपासना झाल्यावर म्हाताऱ्या बनुबाईंना स्कूटरवरून घरी सोडून येतो, मगच जेवतो. अर्धा तास बोललो. सरांचा चेहरा खुलत गेला. मलाही माझं कौतुक वाटलं.

निघताना तासगावचे बेदाणे दिले आणि स्टँडवर सोडायला स्वतः आले. जावयालाच असं सोडतात.

१० मार्च, रविवार

तिचा फोन. तिने स्वतः केला. आजवर कधी केला नव्हता.

सगळं बोलणं जयराजवरच. त्याला राग येतो का, आईशी कसा बोलतो, बायकोने नोकरी केलेली त्याला चालेल का? वडिलांनी परीक्षा घेतली ती मुलीला पुरली नसणार. म्हणून मी आणखी वर चढलो. म्हटलं, लॉकडाऊनमध्ये त्याने आईची वेणीसुद्धा घातली, तिचा हात मोडला होता तेव्हा.  सुवार्ता म्हणाली, थँक्यू ब्रदर, तुम्ही माझ्यासाठी फार मोठं काम केलंत. आवाज भरून आला होता. कुणासाठी ते उघड आहे.

११ मार्च, सोमवार

फोनचं ऐकून धैर्यशीलने पाना खाली ठेवला. म्हणाला, गड्या, ही सोयरिकीची चौकशी हाय. तूच त्या पोराचं जमवून दिऊ लागलास. म्हटलं, तुझ्या डोक्यात ग्रीस आहे. तो म्हणाला, आसंल.

दिवसभर काम नीट झालं नाही. ऊन फार आहे.

२९ मार्च, गुड फ्रायडे

तीन तासांची उपासना. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना बोलायला वाटून देतात. मला सगळ्यात छोटा दिला, तहानेचा. मी तो बऱ्यापैकी लांबवला. पाळकांनी दोनदा खोकून दाखवलं.

जयराज शेजारी होता. बाहेर पडताना म्हणाला, योनाथान, तुझ्याशी एक बोलायचं आहे, सांगलीच्या आवळे सरांचं. मी म्हटलं, आज नको, आज दुःखाचा दिवस. तो म्हणाला, बरं. मी घाईने घरी निघालो. उपवास होता.

३१ मार्च, ईस्टर

लेंट संपला. सुवार्ताला शुभेच्छा पाठवल्या. तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवतो: "तुम्हालाही. प्रार्थनेचं उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी आई-बाबांबरोबर साताऱ्याला येतेय, समोरासमोर सांगते."

फोनवर नाही म्हणायला कुणी आई-वडिलांना घेऊन सव्वाशे किलोमीटर येतं का? आईला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, सोफ्याची कव्हरं धुवायला काढ. धैर्यशीललाही सांगितलं. तो म्हणाला, मग मी चुकलो गड्या, पेढं आण.

७ एप्रिल, रविवार

आले. उपासनेत तिसऱ्या बाकावर बसले. मी कीबोर्डवर होतो, प्रॅक्टिस केली होती तरी पहिलं गाणं चुकलं.

आईने जेवायला बोलावलं तर सर म्हणाले, दुपारचं जयराजच्या घरी आहे, संध्याकाळी तुमच्याकडे येऊन जातो. मी आईला समजावलं, आधी परक्यांकडे उरकून घेतात, आपल्या माणसांकडे निवांत येतात.  चार वाजता आईने मटण फ्रीजमध्ये ठेवलं.

पाचला आले. पेढे त्यांनीच आणले होते. सुवार्ता मला गॅलरीत घेऊन गेली. म्हणाली, मी प्रार्थना करून सांगते म्हटलं होतं, आणि खरंच करत होते. टाळायला म्हटलं नव्हतं. देवाला म्हटलं, मला माणसं कळत नाहीत, कुणाच्या तरी तोंडून मला सांग. आणि जे जयराजबद्दल वाईट बोलले असते तरी मी समजून घेतलं असतं, त्या तुम्ही त्याच्याबद्दल इतकं चांगलं सांगितलंत. याहून स्पष्ट उत्तर काय असतं? डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, देव तुमच्याच तोंडून बोलला, ब्रदर.

मी पेढा खाल्ला. चांगला होता. मला ती हवी होती.

८ एप्रिल, सोमवार

धैर्यशीलने तोंड बघितलं. चहा आणून दिला आणि कामाला लागला.  ते जास्त लागलं.

२१ एप्रिल, रविवार

सांगलीला साखरपुडा. मंडळीतर्फे टेम्पो केला होता. नाही जायचं ठरवलं होतं, पण जयराजची आई घरी येऊन म्हणाली, तुमच्याशिवाय कसं व्हायचं, तुम्हीच जमवलंत. आमच्या आईने माझा शर्ट इस्त्री केला.

अंगठ्या झाल्या. पाळकांनी आशीर्वाद दिला. मला पुढे बोलावून मध्यस्थाचा मान म्हणून शर्टपीस दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लगेच दोन बायका आल्या आणि आपापल्या मुलांसाठी स्थळ बघायला सांगून गेल्या. माझं लग्न झालंय का, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

मग आवळे सर बोलायला उठले. म्हणाले, गंमत सांगतो. जानेवारीत आम्ही तुमच्याच मंडळीतल्या दुसऱ्या एका मुलाची चौकशी करत होतो. नाव सांगत नाही. पाळकांनी चौकशीसाठी जयराजचा नंबर दिला. त्या मुलाबद्दल हा इतक्या आदराने बोलला की मी घरी म्हटलं, आपण मुलगा चुकीचा बघतोय, हाच बघू या. सगळे हसले. मीही हसलो. म्हणजे जानेवारीत माझीही चौकशी झाली होती. तिने खरंच विचार केला होता माझा.

जेवणानंतर हात धुताना जयराज भेटला. म्हणाला, गुड फ्रायडेला हेच सांगायचं होतं, राहून गेलं. मी विचारलं, काय सांगितलं होतंस माझ्याबद्दल? तो जरा अवघडला. त्याला खोटं बोलता येत नाही, हे मीच सरांना सांगितलं होतं. म्हणाला, मी म्हटलं, मनाने चांगला आहे. मी विचारलं, आणि? त्याने पुसलेले हात पुन्हा पुसले. म्हणाला, आणि काही सुचलं नाही रे त्या वेळी. माफ कर.

टेम्पोत सगळे गात होते. मी खिडकीशी बसून विचार करून बघितलं, आणि काय सांगता आलं असतं त्याला माझ्याबद्दल. कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं. मलाही काही सुचलं नाही.