बंदीची झावळी

३ नोव्हेंबर
काल लिहिलं की सासरच्या बागेतली सगळी झाडं बाहेरून आणलेली आहेत. चूक. बाबांनी घरी शिकवताना बजावलं होतं, चुकलं तर खोडू नकोस, खाली दुरुस्त कर. तर जायफळ, लवंग, सागोचा माड या मसाल्याच्या बेटांवरचीच. कोको, पपई, मिरची बाहेरून आणलेली. लवंगांच्या रांगेतलं एक झाड मात्र ओळखता आलं नाही. नणंद, उसी बात्सेबा (उसी म्हणजे इथली ताई), हसली. म्हणाली, नोना, पोरी, दिवस भरत आलेत, झाडं कसली तपासतेस, जेव आधी! मासळीचं आंबट कालवण दोनदा वाढलं. नवरा, सेमी, बोटीवर नोकरीला, तरी इथे एकटं वाटत नाही. किती मायेचं घर!

९ नोव्हेंबर
आज बागेला सासी लागली. चर्चमध्ये प्रार्थना झाली, मग झाडांना कोवळ्या झावळ्या बांधल्या. सासी उघडेपर्यंत कुणी फळाला हात लावायचा नाही. सासूबाईंनी एक झावळी माझ्या कमरेला बांधली. म्हणाल्या, सासीतलं कुणी चोरत नाही, बाळ सुखरूप राहील. गावादेखत मान्य आहे का विचारलं. मी आनंदाने हो म्हटलं.

१४ नोव्हेंबर
त्या अनोळखी झाडाशेजारी खड्डा खणलाय. लहानसा. मी विचारलं, हे झाड रानटी की लावलेलं? सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, दोन्ही नाही, तो माझा थोरला. या घरातली सून पहिलं मूल बागेला देते, म्हणून तर लवंग धरते. बात्सेबा म्हणाली, तोंड काय वाकडं करतेस, तुझ्या लग्नातलं डुक्कर त्याच लवंगेच्या पैशावर आलं होतं.

१६ नोव्हेंबर
किनाऱ्यावर पळाले. म्हाताऱ्या नावाड्याने, यानेसने, कमरेची झावळी पाहिली आणि वल्हं खाली ठेवलं. सासीतली वस्तू नेणार नाही म्हणाला. वस्तू! मी काय लवंगेचं झाड आहे, ओरडले. त्याने टोपी काढून छातीशी धरली. झावळी कापली — पुन्हा हिरवी, पुन्हा तीच गाठ —

१८
पाद्रीसुद्धा म्हणतो, ‘हो’ तूच म्हणालीस. म्हणाले! कशाला ‘हो’ म्हणतेय, ते कुणी सांगितलं — कुणीच —

१९
खोडाला कान लावला. आत ठोके. पोटातलंही त्याच लयीत — नाही. हे माझं आहे. ऐकतेस ना, म्हातारे? माझं. शनिवारी सासी उघडणार म्हणे, मग बाळ खड्ड्यात. त्याआधी कोयता. झाडावर, आणि मध्ये येईल त्याच्यावर. शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला, उजाडताच मी —