लेकीच्या डोक्यावरचा हात

४ जून १९६४, अकोला
यांना अमरावतीला नेलं. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. मोठ्या डॉक्टरांनी पोटावर दोन बोटं टेकवली अन् मलाच विचारलं, "रोज किती पितात?" म्हटलं, धम्माची दीक्षा घेतल्यापासून थेंब नाही. हसले! केसपेपरवर लिहिलं — दारू.

५ जून
घरात नाही, हे खरं. पण एसटीची कंडक्टरकी, चार दिवस अकोटला मुक्काम. तिथं मी पाहायला गेले होते काय?

९ जून
पाणी पाजायच्या निमित्तानं यांचं तोंड हुंगलं. त्यांना कळलं.
यांची पेटीही उचकटली. निघाली काय, तर आमच्या विशाखेसाठी घेतलेली लाल रिबीन. लाज वाटायला हवी होती. मला रागच आला. बाटली लपवायला हुशार, म्हटलं.

१४ जून
विहारात शेजारच्या तानुबाई सगळ्यांदेखत — "मास्तरीणबाई शायेत पोराईले दारूबंदी शिकवते, अन् घरात?" जळून गेले! घरी येऊन सगळं यांच्यावर काढलं. म्हटलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. विशाखा सात वर्षांची, उगाच हसत उभी. यांना हात उचलवत नव्हता. तरी ठेवला. "नाई प्यालो वं. तुले कावून खरं वाटून नाई राह्यलं?"
नाही वाटलं.

२ जुलै
परत अमरावती. या खेपेला एक तरुण डॉक्टर होते. म्हणाले, दारूच कशाला? कावीळ एका विषाणूनं होते, साधा, घरोघर फिरणारा. बहुतेकांना सोडून देतो. एखाद्याच्या लिव्हरमध्ये ठाण मांडून बसतो का, हे अजून कुणी ठाम सांगत नाही. "यांना पूर्वी कावीळ झाली होती?" झाली होती, अंजनगावला असताना. मी विसरूनच गेले होते.
मोठे डॉक्टर मागून म्हणाले, "पिणाऱ्यांना अशी कारणं फार आवडतात." मी कुणाचं ऐकलं? मोठ्यांचं. खुर्ची मोठी ना!

११ जुलै
सकाळी हे गेले. पाणी मागितलं, ते विशाखेकडे. मी उशाशीच होते.

३ ऑगस्ट
विशाखेचे डोळे पिवळे. तानुबाई म्हणतात, "बापाची खोटी शपथ बाधली लेकराले." तरुण डॉक्टर म्हणाले, तीच विषाणूची कावीळ, बरी होईल, जपा.
माझी पोर कोणत्या गुत्त्यावर गेली होती?
तुम्ही खरं बोलत होता हो. अन् मी तुमचं तोंड हुंगलं.